सिनेटरला जेवण जात नाही

२ जून, सोमवार

आजपासून माझ्या ताब्यात दोन जीव आहेत, एक नवरा आणि एक ससा. दोघांचीही जबाबदारी लेखी स्वरूपात मिळालेली आहे, म्हणून ही वही.

आधी नवरा. एप्रिलमध्ये रोहेलिओचा थोरला भाऊ अतिलिओ रविवारच्या जेवणात, हातात भाजलेली बरगडी धरून, बोलता बोलता गेला. वाक्य अर्धंच राहिलं. त्या धसक्याने मी रोहेलिओला तपासून घेतलं. डॉक्टर पेरेत्तींनी सांगितलं की हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बुजल्या आहेत. जुलैअखेर आठ किलो उतरवा, नाहीतर पाराना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेऊन छाती उघडावी लागेल. मी म्हटलं, आठ किलो म्हणजे काय मोठंसं. एकोणतीस वर्षं मुख्याध्यापकपद सांभाळून मी या गावाच्या तीन पिढ्या सरळ केल्या आहेत, एक नवरा काय अवघड आहे?

आता ससा. तो आमच्या नातीचा, मालेनाचा. लेक आणि जावई बर्फाच्या हंगामातल्या कामासाठी दक्षिणेला, बारिलोचेला गेले, तिथे भाड्याच्या खोलीत जनावर चालत नाही. नऊ वर्षांच्या मालेनाने माझ्या हातात कागद ठेवला: रोज साठ ग्रॅम दाणा, दिवसभर सुकं गवत, पाल्याची तीनच पानं. अक्षर चांगलं आहे. निघताना म्हणाली, "आजी, तो खाईनासा झाला तर मला लगेच सांग. सशांना दुखलं तरी ते ओरडत नाहीत. फक्त खायचं थांबवतात."

सशाचं नाव सिनेटर. हे नाव रोहेलिओने ठेवलं, कारण तो दिवसभर खातो आणि एक शब्द बोलत नाही. जून म्हणजे हिवाळाच, थंडी फार आहे म्हणून त्याची पेटी जेवणघरात, शेगडीजवळ ठेवली. वहीत दोन रकाने आखले.

४ जून, बुधवार

रोहेलिओचा आहार मी स्वतः आखला आहे. दुपारी आणि रात्री कोशिंबीर: पालक, गाजर पाल्यासकट, काकडी, सेलरी, कांदा. तेल नाही, मीठ नाही. डॉक्टरांनी एक चमचा तेल चालेल म्हटलं होतं, ते मी खोडलं. सवलतीने शिस्त बिघडते.

मी त्याच्यासमोर हात बांधून बसते आणि प्रत्येक घास किती वेळा चावला ते मोजते. बत्तीस झाल्याशिवाय गिळायचं नाही. सोमवारी त्याने ताटाकडे असं पाहिलं की जणू कुणी गेल्याची बातमी आली आहे. दोन घास खाल्ले आणि भूक नाही म्हणाला. आज मात्र चमत्कार झाला. म्हणाला, "एल्बा, थोडं लिंबू मिळालं तर मजा येईल." मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबू कापून आणलं, तर ताट स्वच्छ. नुसता कांदा उरला होता, तोही त्याने माझ्यासमोर एकेक चकती करून खाल्ला.

माणूस बदलायला वेळ लागत नाही, सांगणारा खमका पाहिजे.

७ जून, शनिवार

रोहेलिओ: ताट स्वच्छ, सलग चौथा दिवस. लिंबाची गोडी लागली आहे.

सिनेटर: साठपैकी बावीस ग्रॅम दाणा शिल्लक. गवताला तोंड लावलेलं नाही.

काळजीचं कारण नाही, नवी जागा आहे. तसा तो रमला आहे. जेवणाच्या वेळी पेटीतून बाहेर येतो आणि टेबलाखाली रोहेलिओच्या पायाशी बसून राहतो. रोहेलिओला जनावरांची एवढी ओढ असेल असं मला छत्तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

१० जून, मंगळवार

सिनेटर: एकतीस ग्रॅम शिल्लक. दाण्याच्या वाडग्याकडे बघून नाक मुरडतो आणि पाठ फिरवून झोपतो. बारा वाजले की मात्र उठून टेबलाखाली जाऊन बसतो. म्हणजे वेळेचं भान शाबूत आहे, मेंदूचा आजार नसावा.

मालेनाचा फोन आला. खातो का, विचारलं. मी म्हटलं, चौकशी चालू आहे. "म्हणजे खात नाही," असं म्हणून ती रडायला लागली. मी तिला रडणं थांबवून लक्षणं नीट लिहून पाठवायला सांगितलं.

१२ जून, गुरुवार

सिनेटरला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. एसेकिएल नाव. माझाच विद्यार्थी, पाचवीत याला भागाकार कधी जमला नाही. मी आत गेले की अजून उठून उभा राहतो, हे बरं वाटलं.

त्याने दात पाहिले, पोट दाबलं आणि वजन केलं. मालेनाच्या कागदावरच्या वजनापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त भरलं. मी त्याला त्याचा काटा बिघडल्याचं सांगितलं. म्हणाला, पोट गच्च आहे, लेंड्या मऊ आहेत, उपाशी जनावराचं हे लक्षण नाही. मग स्वतःच्या बुटांकडे बघत हळूच विचारलं, "बाई, घरात त्याला आणखी कुणी काही देतं का?"

"घरात आणखी कुणी नाही," मी म्हटलं. "फक्त माझा नवरा आहे."

तो बराच वेळ सशाकडे बघत राहिला. सशानेही त्याच्याकडे पाहिलं. शेवटी पाला कमी करा म्हणाला. मी मालेनाचा कागद पुढे केला आणि सांगितलं की मी तीन पानं म्हणजे तीनच पानं देते. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण पाचवीत गिळायचा तसंच त्याने ते गिळलं. या भागातले डॉक्टर गाईंवर शिकतात, सशासारखं नाजूक जनावर त्यांच्या आवाक्यातलं नाही.

१५ जून, रविवार

आज वडिलांचा दिवस. लेकीने बारिलोचेहून फोन केला. शेजारीपाजारी सकाळपासून आसादोचा धूर काढत होते, सगळं गाव मांस भाजत होतं. रोहेलिओ खिडकीशी उभा राहून नुसता श्वास घेत होता, म्हणून मी खिडकी बंद केली.

मी त्याच्यासाठी पालक, बीट आणि गाजराचा केक केला. तीन थर, वर मेणबत्ती. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने मला आधी लिंबू आणायला पाठवलं, मग काड्यापेटी, मग सणाचे चांगले हातरुमाल. हातरुमाल सापडेनात, मला पाच मिनिटं लागली. परत येते तो केक गायब. अख्खा! मी घाबरून म्हटलं, इतकं एकदम खाऊ नये. तो म्हणाला, "प्रेमाने केलेलं उरवायचं कसं?"

लग्नापासून त्याने मला असं काही म्हटलेलं नाही. मला हे लिहून ठेवावंसं वाटलं.

सिनेटर दुपारभर शेगडीपुढे आडवा पडून होता, कान सुद्धा हलवला नाही. संध्याकाळी दाणा: शिल्लक छप्पन्न. मालेनाला सांगितलं की तो विश्रांती घेतो आहे.

१७ जून, मंगळवार

डॉक्टरांनी रोहेलिओला रोज चालायला सांगितलं आहे, तेही तो इमानेइतबारे करतो. चार गल्ल्यांवरच्या बोचासच्या क्लबपर्यंत जातो, तिथे लोखंडी गोळे टाकणाऱ्यांचा खेळ बघतो आणि परत येतो. साडेतीन तास लागतात. हृदयरोग्याने घाई करूही नये.

आज स्वेटर धुवायला घेतला तर छातीवर हिरवा डाग, अजमोदा आणि लसणाच्या वासाचा. विचारलं तर म्हणाला, मैदानावर पडलो, गवत लागलं. क्लबचं मैदान वाळूचं आहे हे खरं, पण कडेला गवत असणारच. लसणाचं म्हणाल तर गावात सगळीकडेच लसूण वास मारतो. केसांना धुराचा वास होता, हिवाळ्यात लोक पाला जाळतात.

पडला म्हणाला आणि मी रागावले. पडायचं नाही अशी ताकीद दिली.

२१ जून, शनिवार

काल झेंड्याचा दिवस. झेंडा लावला आणि सशाचा प्रश्न पद्धतशीर हाती घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. वाडगं बदललं, निळ्याऐवजी पांढरं. काही फरक नाही. शेगडी दोन वीत दूर सरकवली. फरक नाही. पाणी उकळून दिलं. रेडिओवरच्या महागाईच्या बातम्या बंद केल्या, माणसाची भूक जाते तर सशाची का जाणार नाही. त्यानेही फरक पडला नाही. टेबलाखाली पिसवा असतील म्हणून कडुनिंबासारख्या कडू पाल्याची धुरी दिली. त्याने फक्त रोहेलिओ खोकला.

सिनेटरच्या पेटीसमोर खुर्ची टाकून मी दोन तास त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. दाण्याचा एक कण उचलला नाही.

दोघांपैकी निदान नवरा तरी शंभर टक्के यशस्वी आहे. स्नानगृहातल्या काट्यावर त्याचं वजन वाढलेलं दिसतं, पण चालण्याने स्नायू तयार होतात आणि स्नायू जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे.

२३ जून, सोमवार

हे पान कुणी वाचणार नाही असं गृहीत धरून लिहिते. मी चिचाकडे गेले.

चिचा आमच्या दोन घरं सोडून राहते, पूर्वी शाळेत चहा करायची. अन्न अडकलं की ती पिवळ्या फितीने पोट मोजून आणि पुटपुटून बरं करते. अशा प्रकारांविरुद्ध मी एकोणतीस वर्षं सकाळच्या प्रार्थनेनंतर बोलले आहे. त्यामुळे मागच्या दाराने गेले, टोपलीत ससा आणि वर टॉवेल. तिला सांगितलं, मी निरीक्षणासाठी आले आहे.

"करा ना बाई निरीक्षण," ती म्हणाली. "रोग्याचं पूर्ण नाव सांगा. नावाशिवाय मंत्र लागत नाही."

सिनेटर, मी म्हटलं. तिने आडनाव विचारलं. शेवटी आमचंच लावलं: सिनेटर बेनितेस. जन्मतारीख मालेनाला फोन करून मागवावी लागली.

तिने फितीचं एक टोक सशाच्या पोटावर माझ्याकडून धरून घेतलं, दुसऱ्या टोकापासून कोपर ते बोटं असं तीनदा मोजत त्याच्याकडे सरकली. बोटं पोटाशी यायला हवीत म्हणे. पहिल्या खेपेला छातीवर आली, दुसऱ्या खेपेला गळ्यावर, तिसऱ्या खेपेला कानावर.

"मानेपर्यंत गच्च आहे हा. बाई, हा जेवून आलाय."

मी तिला समजावलं की वाडगं भरलेलं आहे, म्हणजे पोट रिकामं आहे, ही साधी वजाबाकी आहे. ती म्हणाली, वजाबाकीचं तुम्ही बघा, फीत खोटं बोलत नाही. मग फीत गुंडाळत तिने रोहेलिओलाही मोजू का विचारलं. मी सांगितलं की त्याची गरज नाही, तो माझ्या डोळ्यांसमोर मोजून खातो. तिला जोराचा खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "माझा जावई क्लबात मांस भाजायच्या शेगडीवर असतो. त्याला विचारा कधी."

क्लबच्या शेगडीचा सशाशी काय संबंध? चिचाचं वय झालं आहे.

२६ जून, गुरुवार

वाईट दिवस.

डॉक्टर पेरेत्तींकडे तपासणी होती. रोहेलिओचं वजन अडीच किलो वाढलं आहे. रक्तातली चरबी वाढली आहे. मी ही वही त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी चष्मा लावून चोवीस दिवसांचा रकाना वाचला, पान न पान. मग म्हणाले, "बाई, या वहीतल्या माणसाला मी आजच बरा झाला म्हणून घरी पाठवला असता. पण समोर बसलाय तो वेगळाच कुणीतरी आहे."

रोहेलिओ भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होता.

आता जुलैअखेरपर्यंत थांबायचं नाही, सोळा जुलैलाच पुन्हा तपासणी. तेव्हाही असंच निघालं तर छाती उघडायची. बाहेर आल्यावर माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी त्याच्या पुढे भरभर चालले. तो मागून म्हणाला, "एल्बा, जरा हळू." मी चालतच राहिले.

घरी येऊन निर्णय घेतला की उपाय बरोबर आहे, मात्रा कमी पडते आहे. आजपासून पालक दुप्पट.

२९ जून, रविवार

आज एकोणतीस तारीख, दर महिन्याच्या रिवाजाप्रमाणे सगळं गाव बटाट्याचे न्योकी, म्हणजे उकडलेले गोळे, खाणार. मीही केले, फ्लॉवरचे. शेजारी पालकाचा ढीग. ताट स्वच्छ. आता लिंबासाठी तीनदा उठावं लागतं, जेवणच मोठं झालं आहे ना.

सिनेटर: खाल्लं शून्य. पहिल्यांदा पूर्ण शून्य. पोट ताठ, डोळे अर्धे मिटलेले.

मालेनाला सांगितलं, खातो आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी लहान मुलाशी खोटं बोलले. ती म्हणाली, "आजी, तू शाळेच्या आवाजात बोलतेयस."

दोन जीव दिले होते. दोन्ही माझ्या हातून निसटताहेत आणि मी काय चुकते आहे ते मला कळत नाही.

२ जुलै, बुधवार

उद्यापासून तीन दिवस पारानाला, निवृत्त मुख्याध्यापकांचं संमेलन. जाऊ नये असं वाटत होतं, पण माझं भाषण आहे, "निरीक्षण हीच शिक्षकाची खरी ताकद" या विषयावर. रोहेलिओ म्हणाला, अवश्य जा.

कोशिंबीर तीन दिवस टिकणार नाही म्हणून भोपळ्याच्या सूपचे नऊ डबे करून फ्रीजमध्ये ठेवले. प्रत्येकावर दिवस आणि वेळ. सशाचा दाणा रोज तोलून वहीत लिहायला सांगितलं आहे.

६ जुलै, रविवार

मानपत्र मिळालं. फ्रेम बरी आहे.

घरी येऊन आधी वही पाहिली. रोहेलिओच्या अक्षरात: सिनेटरने खाल्लं, गुरुवार साठ. शुक्रवार साठ. शनिवार साठ. मला वाटलं, त्याने माझ्या समाधानासाठी लिहिलं. पण वाडगं चाटून पुसून लख्ख, गवताचा भारा निम्म्यावर आलेला, ससा पेटीत उड्या मारतो आहे. सूपचे डबेही रिकामे, धुऊन पालथे घातलेले. सूप आवडलं का विचारलं, तर म्हणाला, होतं तसं होतं.

एवढी चांगली बातमी, तरी मनाला कसलीशी टोचणी लागली.

७ जुलै, सोमवार

पूर्ववत कोशिंबीर, पूर्ववत व्यवस्था. रोहेलिओ: ताट स्वच्छ. सिनेटर: पन्नास ग्रॅम शिल्लक.

या चार दिवसांत घरात एकच गोष्ट बदलली होती. ती लिहायला हात होत नाही.

८ जुलै, मंगळवार

प्रयोग पुन्हा करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मी मुलांना शिकवलं. म्हणून आज सकाळी सातलाच घराबाहेर पडले. रोहेलिओसाठी सूप ठेवलं. दिवसभर चिचाकडे वाटाणे सोलत बसले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाच वाजता घरी आले. वाडगं रिकामं.

म्हणजे कारण मी आहे.

मी घरात असले की त्याला जेवण जात नाही. वाडगं, शेगडी, पाणी, रेडिओ, सगळं तपासलं आणि खुर्ची टाकून त्याच्यासमोर दोन तास बसले ती मी, तेवढी तपासायची राहिले. मी शाळेच्या फाटकातून आत आले की मैदान गप्प व्हायचं. मला तो आदर वाटायचा. एसेकिएल चाळिशीला आला तरी माझ्यासमोर त्याला घास गिळावा तसे शब्द गिळावे लागतात. मालेनाला माझा आवाज कळतो. एका मुक्या जनावराला माझ्यासमोर अन्न नकोसं होतं. हे सगळं एका ओळीत मांडलं की उत्तर येतं आणि मला ते उत्तर आवडत नाही.

मी बॅग भरायला काढली. रोहेलिओ क्लबातून आला, त्याला सांगितलं की मालेना येईपर्यंत मी पारानाला बहिणीकडे राहते. तुझं जेवण चिचा बघेल. ससा माझ्यासमोर खात नाही, हे सिद्ध झालं आहे. हे सगळं मी नीट, क्रमाने सांगत होते आणि मधेच माझा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी त्याच्यासमोर रडलेली नाही, अतिलिओच्या वेळीसुद्धा नाही. त्याला काय करावं कळेना, तो माझी बॅग उचलून पुन्हा खाली ठेवत राहिला.

"एल्बा, बस जरा. सशाला तुझा काही त्रास नाही."

"मग काय आहे?"

"त्याला माझं जेवण लागतं. पालक, गाजर, केकसुद्धा. तू लिंबू आणायला गेलीस की मी ताट खाली धरतो." थांबून म्हणाला, "कांदा त्याला बाधतो, म्हणून तेवढा मी खायचो."

चिचाची फीत बरोबर होती. एसेकिएलचा काटाही. सगळ्या गावाला माहीत होतं. एकोणतीस वर्षं मी कॉपी पकडली, बाकाखालची, बाहीतली, पायमोज्यातली, आणि माझ्याच टेबलाखाली पाच आठवडे हा माणूस माझ्या तोंडाला पानं पुसत होता, तीही मी स्वतः निवडून धुतलेली.

"आणि क्लबात?" मी विचारलं.

"चोरीपान, पावातलं भाजलेलं सॉसेज. कधी मिलानेसा, तळलेलं मांस."

"किती?"

"मोजू नकोस ना, एल्बा."

माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, तुला मरायचंच आहे का? भावाच्या मागून जायचं आहे? सोळा तारखेनंतर छाती उघडतील तेव्हा सॉसेज सापडेल डॉक्टरांना. तो खाली मान घालून ऐकत होता. मग जे बोलला ते शब्दशः लिहिते.

"मला मरायचं नाही. पण तू समोर हात बांधून बसतेस ना, तेव्हा मला मी मेलेलाच दिसतो. अतिलिओच्या शवपेटीशेजारी तू रात्रभर अशीच बसली होतीस, अशीच बघत. तू बघायला लागलीस की घास खाली उतरत नाही गं. क्लबात माझ्याकडे कोणी तसं बघत नाही. तिथे भूक लागते."

म्हणजे निष्कर्ष माझा बरोबर होता, फक्त रोगी चुकला.

मला बरंच काही बोलायचं होतं. नळ्या, चरबी, सोळा तारीख, आकडे सगळे तोंडपाठ होते. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. आलं ते वेगळंच, आणि आवाज शाळेतला नव्हता.

"मला एकटीला जेवायचं नाहीये, रोहेलिओ."

त्याने बॅग भिंतीशी सरकवून ठेवली. मग म्हणाला, "पण तू जेवतेस कधी? महिनाभर मी तुला ताट घेतलेलं पाहिलं नाही."

मला आठवून सांगता येईना. त्याचं झालं की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पातेल्यातूनच, हाताला लागेल ते. ते वहीत कुठेच नाही. तिसरा रकाना मी आखलाच नव्हता.

९ जुलै, बुधवार

स्वातंत्र्याचा दिवस. क्लबात पहाटेपासून लोक्रोची मोठी कढई चढली होती, मका, घेवडा आणि डुकराच्या मांसाचा वास चार गल्ल्या ओलांडून घरात आला. रोहेलिओचा मित्र दारात येऊन हाक मारून गेला. रोहेलिओ म्हणाला, आज नाही येत. मग तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. मी काही बोलले नाही. हे मला फार जड गेलं.

मालेनाला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की फोन तिच्या आईकडे गेला. मग परत घेऊन तिने विचारलं, "आजोबांना आता कोण खायला घालणार?" मी म्हटलं, त्यांचं ते खातील. ते खाईनासे झाले तर मला कळेल का, हे मला माहीत नाही. पण तिला तसं सांगितलं नाही.

दुपारी दोन ताटं वाढली. दोन्हींत एकच कोशिंबीर, दोन्हींवर डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं एकेक चमचा तेल. मीठ चिमूटभर. मी समोरची खुर्ची उचलून टेबलाच्या त्याच बाजूला, त्याच्या शेजारी नेली, म्हणजे दोघांची तोंडं खिडकीकडे. बसले आणि पहिला घास घेतला. इतके दिवस मी त्याला हे खायला घालत होते! तोंडात फिरत राहिलं, गिळवेना. तेलाशिवाय तर काय लागत असेल.

सिनेटर आला. रोहेलिओच्या पायाशी बसला, वाट पाहिली, विजार ओढली. काही मिळेना तेव्हा मागचा पाय दोनदा जमिनीवर आपटला आणि फुरंगटून गवताकडे गेला. कुरतडण्याचा आवाज आला.

शेजारून चावण्याचा आवाज येत होता. मधे थांबला. बराच वेळ थांबला. खिडकीबाहेर काही बघण्यासारखं नव्हतं, शेजाऱ्यांची भिंत आणि वाळत घातलेली चादर. सोळा तारखेला काय निघेल मला माहीत नाही. एका आठवड्यात काही होत नाही, हे मला वजाबाकी न करताही कळतं. मला भीती वाटते आहे आणि हे आज मी त्याला सकाळी तोंडाने सांगितलं आहे.

मग चावणं पुन्हा सुरू झालं. माझी मान सारखी त्याच्याकडे वळू पाहत होती. मी ती वळू दिली नाही.